सुकेळीच्या दिवसांतला वाढदिवस

परवा रविवारी मला परत कळंबच्या समुद्रावर नेलं. त्याच खानावळीत, त्याच सुरूच्या झाडांखाली. पाटी बदललीय. खुर्च्या तेव्हा लाकडी व्हत्या, आता पांढऱ्या प्लास्टिकच्या. पन वास तोच. सुरूच्या सुक्या काड्यांचा, खाऱ्या वाऱ्याचा, नि आतून येनारा तळत्या सुरमईचा. गाडीतून उतरले नि तो वास नाकात गेला, तशी मी गाडीचं दार धरून उभीच राहिले.

"आई, चक्कर येते का?" सून नीता म्हनाली.

"नाय गं. उभी राहिले नुस्ती."

आमच्या ह्यांचा वाढदिवस व्हता. ते गेले त्याला आता दुसरी दिवाळी येईल. मागल्या वर्षी घरात दुःख व्हतं म्हनून कोनी नाव काढलं नाय. यंदा मुलगा वसंत, नीता, माझी मुलगी मंगल नि वसंतची पोर ऋतुजा, चौघांनी आपसात ठरवलं. आजोबांचा वाढदिवस करायचा नि आईला बाहेर जेवायला न्यायचं. वाढदिवस नावाला. खरं कारन मी. ते गेल्यापासून मला जेवन जात नाय.

उपाशी मरत नाय मी. चूल, म्हनजे आता गॅस, त्याच्याशी उभ्यानं टोपातला भात चमच्यानं खाते. दोन घास, तीन घास. ताट घेऊन बसले की तसंच झाकून ठेवते. नीता वसईच्या फ्लॅटवरून डबा पाठवते. तो शेजारच्या कार्मेलबायच्या कोंबड्यांनी खाल्ला बरेच दिवस. कोंबड्या चांगल्या झाल्या, मी वाळले. पोलकी खांद्यावरून घसरायला लागली तेव्हा नीतानं डब्याची चौकशी केली, नि कार्मेलबायनं सगळं सांगून टाकलं.

म्हनून मी आधीच म्हटलं व्हतं, "येते मी. बसते तुमच्यात. पन जेव जेव करू नका मला."

"बरं," वसंत म्हनाला. तो बरं म्हनतो तेव्हा बापासारखा दिसतो. नि बापासारखाच ऐकत नाय.

आमच्या ह्यांना वाढदिवस असा नव्हताच. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या पोरांना लिहिला तोच, जूनचा पहिला दिवस, ह्यांनापन लिहिला. तो कागदावरचा. खरा कोनाला ठाऊक? माझी सासू सांगायची, "तुझा नवरा झाला तेव्हा माचावर केळी व्हती. मी उलटायला गेले, नि तिथंच कळा आल्या. अर्धी उलटली, अर्धी राहिली." एवढीच त्यांची जन्मपत्रिका. सुकेळीचे दिवस.

आता सुकेळी म्हटलं तर पोरं दुकानातल्या पाकिटाकडे बघतात. आमच्या होळी गावच्या वाड्यांत तेव्हा राजेळी केळी व्हती, मानसाच्या हाताएवढी. पाऊस आवरला, दसऱ्याच्या आसपास ऊन कडक झालं, की लोंगर, म्हनजे केळीचा घड, उतरवायचं, पेंढ्यात घालून पिकवायचं, सोलायचं नि कारवीच्या माचावर ऊनात मांडायचं. दिवसातून किती वेळा उलटायला लागायचं. सांजेला दव पडायच्या आत गोळा करून झाकायचं, सकाळी परत मांडायचं. केळ हळूहळू आकसून तांबूस व्हायचं, बोटाला मधासारखं चिकटायचं. मग केळीच्या सुक्या सोपटात बांधून सुतळीनं आवळायचं. सगळ्या आळीला गोड वास सुटायचा. मधमाश्या यायच्या. आमच्या पदराला, केसांना, अंथरुनाला तो वास लागायचा. माझं माहेर खाडीकडचं, भातशेतीचं. तिकडं वास मिठाचा नि चिखलाचा. लग्न होऊन होळीला आले, तेव्हा पहिले दिवस मला झोप लागत नव्हती, एवढा तो गोड वास.

तेव्हा वाढदिवस करत नव्हते कोनी. पन सासू सुकेळीच्या दिवसांत एकदा तरी दुधात तांदूळ टाकून खीर करायची, तीत सुकेळीचे तुकडे घालायची नि पहिली वाटी ह्यांना. "झालास रे तू ह्याच दिवसांत," एवढं म्हनायची. झाला वाढदिवस.

आमच्या घरात जेवायची एक रीत व्हती. घरातल्या मोठ्या पुरुषानं पहिला घास घ्यायचा. तो घेईस्तोवर बाकी कोनी ताटाला हात लावायचा नाय. पोरं रडली तरी नाय. सासरे व्हते तोवर सासऱ्यांनी, मग ह्यांनी. पुरुष नि पोरं जेवली की मग बायका. मी ह्यांच्याच ताटात जेवायची. वेगळं ताट कशाला घ्या, कशाला घासा. उष्टं म्हनून नाय वाटलं कधी.

त्यामुळं काय झालं, मी सगळा जन्म माझ्या नवऱ्याला जेवताना वरून बघितलं. ते पाटावर, मी पळी घेऊन उभी. मला त्यांचं टाळकं पाठ व्हतं. आधी दाट काळं, मग मधे भोवरा पडल्यासारखं विरळ, मग लख्ख. कानामागं एक जुनी खोक, लहानपनी माडावरून पडले तिची. केस पिकले, गळाले, ते सगळं मी भात वाढता वाढता बघितलं.

मग वाडीचे दिवस पलटले. विहिरीचं पानी खारं झालं, केळी गेली, पानवेली गेल्या. हे वालीवला एका कारखान्यात लागले. लोखंड कापायचं काम. अंगाला तेलाचा वास, नखांत काळं. मी डोक्यावर पाटी घेऊन वसईच्या बाजारात भाजी विकायची, ती पन आमची नव्हे, दुसऱ्याच्या वाडीची. त्या वर्षांत कोळीन दारात आली तरी मी आत जायची, म्हनजे तिनं हाक मारू नये. कधीतरी मासा घ्यायची. एखादी लहानशी करली, नायतर दोन बोंबील. पोरांना द्यायचा, ह्यांना द्यायचा, टोपात कालवन तेवढं राहायचं.

तर ह्यांच्या ताटाच्या कडेला दर वेळी मधला तुकडा तसाच असायचा. काटे नसलेला, चांगला. डोकं नि शेपटी चघळून ठेवायचे, नि मधला तुकडा भाताच्या ढिगाला टेकवून ठेवलेला. ज्या दिवशी मासा नसेल त्या दिवशी भात. "पोट भरलं गं आज. कारखान्यात चहा जास्त झाला." आनि उठायचे.

मला ठाऊक व्हतं कारखान्यात चहा किती मिळतो ते.

मी कधी विचारलं नाय. त्यांनी कधी सांगितलं नाय. मी बसायची, त्यांनी ठेवलेलं खायची, ताट घासून पालथं घालायची. आमच्यात काय बोलायचं व्हतं ते त्या ताटात व्हायचं. बाकी दिवसभर आमचं बोलनं म्हनजे पानी तापलं का नि दार लावलं का.

वसंत नोकरीला लागला, मंगल विरारला दिली, ऋतुजा झाली, मोठी झाली. तिनंच काढलं, "आजोबांचा बर्थडे कधी असतो?" मी सुकेळीची गोष्ट सांगितली. तिनं कॅलेंडर काढलं नि म्हनाली, "चला, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. फिक्स." झाला जन्म ह्यांचा. म्हातारपनी.

तेव्हा पहिल्यांदा आलो कळंबला. ह्यांनी मंगलच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला. तो बसताना पोटावर ताठ झाला. भुईगाव, निर्मळ मागं पडलं तसे हे खिडकीतून बोटं दाखवायला लागले, "हितं वाडी व्हती. हितं पन. ही बिल्डिंग केळीतच उभी हाय बघ." ऋतुजा मोबाइलमधून मान वर करून "हो आजोबा" म्हनायची.

खानावळीत सगळे बसले. मी ह्यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. मुद्दाम नाय. पाय तिथं जाऊन थांबले.

वेटर परदेशातून आलेल्या पाहुन्याकडे बघावं तसा बघायला लागला. "आजी, बैठो ना."

"आई, बसा की!" नीता हसायला लागली. "वाढायला माणसं आहेत इथे."

मला ह्यांच्या समोरची खुर्ची दिली. बसले. माझ्या हातांना काम नव्हतं. मांडीवर ठेवले, टेबलावर ठेवले, मग पानी भरायला जग उचलला तर वेटरनं तोही घेतला.

हे वेटरला म्हनाले, "मासा कुठला रे?"

"एकदम फ्रेश है अंकल."

"फ्रेश हाय ते कळलं. कुठला?"

"मार्केट से आता है."

"म्हनजे समुद्रावर बसून मुंबईच्या ससूनडॉकचा मासा खायचा," हे म्हनाले, नि वसंत मोठ्यानं हसला. बाप असा विनोद करतो हे त्यालापन तेव्हाच कळलं असेल.

ताटं आली. प्रत्येकाला वेगळं. माझ्यापुढं एक अख्खं ताट, त्यात अख्खी सुरमईची तुकडी, सोलकढी, तांदळाची भाकरी. ह्यांनी पहिला घास घेतला. मग सगळ्यांनी. आनि मी समोरून बघितलं.

डावीकडच्या दाढा नव्हत्या, म्हनून घास सगळा उजव्या गालात. तो गाल फुगायचा. सोलकढी घेतली की एक भुवई वर. चावताना कानाची पाळी हलायची. एवढ्या वर्षांत मी ह्या मानसाला जेवू घातलं, नि त्याचा कान हलतो हे मला म्हाईत नव्हतं. मी खायची विसरले. "आजी, थंड होतंय," ऋतुजा म्हनाली तेव्हा घास घेतला.

त्यांचं जेवन होत आलं. बघते तर मधला तुकडा, जाडसर, कुरकुरीत, ताटाच्या कडेला भाताला टेकवून ठेवलेला.

वेटर आला. "हो गया अंकल?" नि ताट उचललं.

ह्यांनी पटकन ताटाची कड धरली.

वेटर तिकडून ओढतो, हे इकडून. "अंकल, पॅक करू?" नाय. "खाना है?" नाय. हे कड सोडेनात.

"आजोबा, मग खाऊन टाका ना!" ऋतुजा हसली. "लाजता काय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या ताटाकडे. माझ्या ताटात माझा आख्खा तुकडा व्हता, अजून हात न लावलेला. त्यांचा चेहरा लाल झाला, पोराची चोरी पकडल्यासारखा. तिथं कोनालाच कळलं नाय काय झालं. मंगलला पन नाय. आम्हाला दोघांना कळलं.

"असू दे. ने," ते वेटरला म्हनाले नि हात सोडला. मग केक आला, टाळ्या झाल्या, ऋतुजानं त्यांच्या नाकाला मलई लावली. पन मला ते ताट आत जाताना दिसत राहिलं, कडेचा तुकडा घसरून सोलकढीच्या वाटीला लागलेला.

परतीच्या वाटेवर हे खिडकीतून बघत बसले. मी पन.

तीन-चार दिवस गेले. दुपारी मी पाट मांडला, ताट वाढलं, नि हे हात आखडून बसले.

"काय झालं? मीठ कमी?"

"तुझं पन ताट घे."

"कशाला? घेईन ना मागनं."

"घे म्हनतो ना. तिकडं कसं घेतलंस?"

मी घेतलं. समोर बसले. लाज वाटत व्हती, नव्या नवरीला वाटते तशी. दोन घास झाले नि हे म्हनाले, "अगे, तू घास केवढा मोठा घेतेस!"

"उभ्यानं वाढून वाढून भूक लागते मानसाला."

"एवढी वर्षं कळलं नाय."

"बघितलं असतं तर कळलं असतं."

असे हसले की ठसका लागला. मी पानी दिलं.

तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसलो. मी भाकरी भाजत असले तर हे ताटावर हात ठेवून बसायचे. भात निवायचा. "घ्या की," मी आतून ओरडायची. "ये तू," ते बाहेरून. कडेला तुकडा ठेवनं बंद झालं. त्याच्या बदली ते जेवताना बोलायला लागले. आईची केळी, वालीवचा कारखाना, माडावरून पडलेले तेव्हा खालून कोन ओरडलं. माझ्या वाट्याला हे सगळं इतक्या उशिरा आलं, नि थोडे दिवसच आलं. कसं गेलं ते सांगत बसत नाय. सगळ्यांच्या घरी जातात तसेच गेले.

मग घरात आम्ही दोन ताटांचे एक ताट झालो. नि ते एक ताट मला उचलेना.

तर परवा. परत तीच खानावळ. रविवार म्हनून गर्दी, मुंबईची मानसं, पोरं वाळूत पळत व्हती. मी सांगितलं, "मला त्या खुर्चीवर बसव, वसंत." म्हनजे ते बसले व्हते त्या जागी. समोरच्या, माझ्या जागी, ऋतुजा बसली. डाव्या हाताला मंगल नि नीता, उजवीकडे वसंत.

जेवन यायला उशीर व्हायला लागला. वसंतनं गाडीतच त्याची साखरेच्या आजाराची गोळी घेतली व्हती, लगेच जेवायचं म्हनून. नीता दोनदा आत जाऊन भांडून आली. शेवटी ताटं आली. माझ्यापुढंपन ठेवलं. सुरमई, भात, भाकरी, कढी. मी हात मांडीवर ठेवले नि समुद्राकडे बघत बसले. माझं सांगून झालं व्हतं.

थोड्या वेळानं जानवलं की आवाज येत नाय. चमच्याचा नाय, वाटीचा नाय. बाजूच्या टेबलांवर कलकल, आमचं टेबल गप्प.

बघितलं. सगळी ताटं भरलेली. कोनी हात लावला नव्हता.

"जेवा की रे," मी म्हटलं.

नीता मंगलकडे बघते, मंगल खाली.

"काय झालं?"

"आई," वसंत म्हनाला, "तू घे आधी."

"मी सांगितलंय तुला."

"मी कुठे जेव म्हणतोय?" तो म्हनाला. "पण घरात आता मोठी तूच. आधी तू घ्यायचं. रीत तुमचीच ना?"

मला राग आला. "मी कधी घेतलाय पहिला घास? ते पुरुषांचं. मोठा पुरुष तू. घे तू."

"मी नाही घेणार."

"अरे, तुझी गोळी!"

"हो," तो म्हनाला, नि माझ्यासारखेच हात मांडीवर ठेवले.

ऋतुजा हळूच म्हनाली, "बाबा, प्लीज, तुम्ही तरी खा." त्यानं मान हलवली. मी बघितलं, त्याच्या कपाळावर घाम आलेला. वारा एवढा, सुरूच्या काड्या उडतायत टेबलावर, नि ह्याच्या कपाळावर घाम. पान्याच्या गिलासाला हात लावला तर बोटं थरथरली, नि त्यानं हात खाली घेतला, मला दिसू नये म्हनून. बापासारखाच. मोठा झालेला मानूस, टक्कल पडायला लागलेलं, आनि भुकेला माझ्यापुढं बसलेला.

मी भात कालवला. माझ्या हातानं, माझ्यासाठी, सगळ्यांच्या आधी. जन्मात पहिल्यांदा. मोठा घास केला, जसा माझा असतो. तोंडात घातला.

त्याबरोबर सगळ्यांचे हात खाली गेले. वसंतनं भाकरी मोडली नि भराभर खायला लागला. नीतानं त्याच्या ताटात भात ओतला. मंगलनं डोळे पुसले नि माशाचा काटा काढला. ऋतुजाची मान ताटावर वाकली. चौघांची डोकी खाली. मला त्यांची टाळकी दिसत व्हती नि चावायचे आवाज येत व्हते.

माझ्याकडे बघायला कोनी नव्हतं.

म्हनजे असं असतं ते. पहिला घास घेतला की सगळं घर आपापल्या भुकेत जातं, नि घेनारा एकटा राहतो. आमचे हे रोज असे बसायचे. सासरे गेल्यापासून, सगळा जन्म, दोन वेळा. मी मागं पळी घेऊन उभी असायची, पाठीमागं, त्यांना दिसत नसायची.

घास मोठा व्हता. चावायला वेळ लागला. मी चावत राहिले, नि मग दुसरा कालवला.